डेकवरून चेन्नई: एका भिंतीने घडवलेला किनारा

चेन्नईला निसर्गाने बंदर दिलेले नाही. मुंबईला बेटांच्या आडोशाचे खोल, शांत पाणी आयते मिळाले. चेन्नईचा किनारा सरळसोट आहे. खाडी नाही, बेट नाही, वारा अडवायला डोंगराची सोंड नाही. १६३९ साली फ्रान्सिस डे याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी ही जागा मिळवली. तेव्हापासून जवळजवळ अडीचशे वर्षे जहाजे इथे उघड्या समुद्रात नांगर टाकून उभी राहत आणि माणसे व माल लाटांमधून किनाऱ्यावर आणावा लागे. आज त्याच किनाऱ्यावरून दोनशे मीटरहून लांब, अकरा मजली पर्यटन-जहाज संध्याकाळी सुटते आणि रेलिंगला टेकलेली शेकडो माणसे शहर मागे पडताना बघतात.

संपादकांनी यंदा 'काठ' हा विषय दिला. मी पेरुंगुडीला राहतो. चेन्नईच्या दक्षिणेचा हा आयटी कंपन्यांचा भाग. पुण्या-नाशिकहून नोकरीसाठी आलेली मराठी घरे इथे बरीच आहेत. ओल्ड महाबलिपुरम रोड ओलांडून बकिंगहॅम कालव्याच्या पलीकडे गेले की ईस्ट कोस्ट रोड आणि त्यापुढे पालवाक्कमची वाळू. समुद्र इतका जवळ असूनही हे शहर समुद्राच्या बाजूने कसे दिसते ते पाहायचे राहिले होते. मुंबईत गेटवेवरून घारापुरीची लाँच पकडली तरी बंदर डोळ्यांखालून जाते. चेन्नईत तशी रोजची लाँच नाही. बंदर पाहायचे तर जहाजाचे तिकीट काढावे लागते.

उडत्या गाडीने बंदराकडे

पेरुंगुडीहून बंदराला जायची सोपी वाट म्हणजे एमआरटीएसची लोकल. खांबांवरून धावते म्हणून इथले लोक तिला 'परक्कुम रयिल' म्हणतात, उडती गाडी. पेरुंगुडी स्टेशनच्या एका अंगाला पल्लिकरणैची पाणथळ पसरलेली आहे. रोहित पक्षी उतरतात ती हीच जागा, आणि याच पाणथळीच्या पोटात शहराने वर्षानुवर्षे कचरा ओतला तीही हीच. २०२२ साली तिला रामसर यादीत स्थान मिळाले. गाडी तिथून निघते आणि तिरुवान्मियूर सोडल्यावर पुढे बराच वेळ बकिंगहॅम कालव्याची संगत धरते. काही ठिकाणी तर रेल्वेचे खांब थेट कालव्याच्या पात्रात उभे आहेत. खाली काळे पाणी, जलपर्णी, प्लास्टिक.

या कालव्याची गोष्ट बंदराच्या गोष्टीत येतेच. किनाऱ्यावर आडोसा नाही आणि समुद्रातून लहान नावा चालवणे जोखमीचे, म्हणून किनाऱ्याला समांतर असा पाण्याचा रस्ता जमिनीतून काढला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराच्या उत्तरेकडून त्याचे काम सुरू झाले. १८७७-७८ च्या दुष्काळात, दुष्काळी कामावर आलेल्या मजुरांकडून अड्यार आणि कूवम या दोन नद्या जोडणारा तुकडा खोदून घेतला गेला आणि त्या वेळचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे नाव कालव्याला मिळाले. मीठ, सरपण, भात, चुना अशा मालाच्या नावा इथून चालत. आज त्यावर सावली पडते ती लोकलची.

पाऊण तासाने गाडी बीच स्टेशनात थांबते. नाव बीच, पण समोर वाळूचा कणही नाही. राजाजी सालैचा रुंद रस्ता, त्यावर बंदराची लांबलचक भिंत आणि भिंतीच्या वरून डोकावणाऱ्या क्रेन. हा रस्ता एके काळी 'फर्स्ट लाइन बीच' होता. जनरल पोस्ट ऑफिस, बँका, व्यापारी कचेऱ्या यांच्या पायऱ्यांपासून थोड्याच अंतरावर लाटा फुटत. पुढची सगळी जमीन बंदराने नंतर भराव घालून मिळवली.

स्टेशनच्या जवळच जॉर्ज टाउनच्या गल्ल्या आहेत. तंबू चेट्टी स्ट्रीटवर काळिकांबाळचे देऊळ लागते. १६७७ च्या दक्षिण स्वारीत शिवाजी महाराज इथे दर्शनाला आले होते, असे देवळाची परंपरा सांगते. मराठी माणसाचे पाय तिथे वळतातच, माझेही वळले. मंडपात महाराजांचे चित्र आहे आणि फुलवाल्या बाई मराठी बोलणे कानावर पडले की त्या चित्राकडे बोट दाखवतात.

गेटच्या आत

पर्यटन-जहाज चेन्नईत कायम राहत नाही. मुंबईच्या कॉर्डेलिया कंपनीच्या 'एम्प्रेस'ला इथून पहिल्यांदा हिरवा झेंडा दाखवला गेला तो ४ जून २०२२ रोजी, मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांच्या हस्ते. वर्षभराने, जून २०२३ मध्ये, हंबनटोटा, त्रिंकोमाली आणि कांकेसंतुरै या श्रीलंकेतल्या बंदरांची फेरी सुरू झाली. महिना दोन्ही वेळा जूनच आहे, आणि त्याला कारण आहे. जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याने अरबी समुद्र खवळतो. कोकणच्या बोटी पावसाळ्यात बंद असत हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते, आणि १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर 'रामदास' बुडाली तो घाव अलिबाग-रेवसच्या घरांत अजून आहे. त्याच दिवसांत बंगालच्या उपसागराचा हा किनारा त्या मानाने निवांत असतो, कारण इथे वारा जमिनीकडून येतो. ऑक्टोबरपासून चित्र उलटते. ईशान्य मोसमी वारे आणि चक्रीवादळे इथे येतात आणि मुंबईचा समुद्र शांत होतो. म्हणून जहाजाचा पावसाळा चेन्नईत जातो.

'एम्प्रेस' मूळची फ्रान्समधल्या सेंट-नाझेरच्या गोदीत १९९० साली बांधलेली 'नॉर्डिक एम्प्रेस'. तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठीच तिची आखणी झाली होती. आपल्याकडच्या शनिवार-रविवारला जोडून घेतलेल्या रजेत ती बरोबर बसते.

गेटवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान ओळखपत्रे तपासतात आणि बस धक्क्यापर्यंत नेते. बंदराच्या आवारात फोटो काढायला मनाई आहे, तेव्हा डोळ्यांवरच भिस्त ठेवावी. त्या दहा मिनिटांत चेन्नईच्या पोटापाण्याचा कारभार नजरेखालून जातो. एकापुढे एक लावलेल्या नव्याकोऱ्या मोटारी, सगळ्या परदेशी निघालेल्या. त्या क्रेनने चढवत नाहीत. मोटारवाहू जहाज आपला रॅम्प धक्क्यावर टेकवते आणि चालक एकेक गाडी चालवत आत नेतात. पलीकडे कंटेनरच्या भिंती. देशातले पहिले खास कंटेनर टर्मिनल १९८३ मध्ये याच बंदरात सुरू झाले. हवेत काळी धूळ मात्र दिसत नाही. २०११ पर्यंत इथे कोळसा आणि लोहखनिज उतरत-चढत असे. रॉयपुरमच्या घरांत काळा थर बसतो म्हणून लोक न्यायालयात गेले, मद्रास उच्च न्यायालयाने हा माल इथे हाताळायला बंदी घातली आणि कोळसा उत्तरेला एन्नोरला गेला. बंदराचे उत्पन्न घटले, पण माणसांना श्वास घेता आला. तो निर्णय योग्यच होता असे मला वाटते, फक्त एन्नोरच्या माणसांच्या वाट्याला काय आले तेही त्याच दमात विचारायला हवे.

दोर सुटतो तेव्हा

जहाजावर पाऊल ठेवले की बहुतेकजण खोली शोधायला नाहीतर खायला जातात. मी खालच्या मोकळ्या डेकवर मागच्या टोकाला गेलो, कारण दोर तिथून दिसतात.

धक्क्यावर ओळीने लोखंडी खुंट असतात. जहाजाच्या पुढून आणि मागून मांडीएवढे जाड दोर येऊन त्यांच्यावर पडलेले. त्यातले काही जहाजाला धक्क्याशी दाबून धरतात. काही तिरके जातात, ते त्याला पुढे-मागे सरकू देत नाहीत. सुटायची वेळ झाली की आधी हे तिरके राहून बाकीचे सुटतात. धक्क्यावरचे दोघे दोराचा फास वर उचलतात, तो पाण्यात पडतो आणि जहाजावरचे विंच त्याला ओढून घेऊ लागते. ताण पडला की दोर पिळवटतो आणि त्यातून पाण्याच्या धारा गळतात. खलाशी दोरापासून लांब, बाजूला उभे असतात. ताणलेला दोर तुटला तर त्याचा फटका माणसाला उभा चिरू शकतो. मागच्या डेकवरचा एक पोरगा माझा मराठी फोन ऐकून जवळ आला. दापोलीचा. त्याचे वडील आणि काका दोघेही जहाजावर होते.

"काका, जरा मागं सरा," तो म्हणाला, "आणि आता टगकडे बघा. ती ओढतेय असं वाटत नाही, पण सगळं काम तिचंच."

त्याचे खरे होते. बुटकी, गोलसर टग आपल्या दोरावर मागे रेलली होती, तिच्या मागे पाणी उकळत होते, आणि एवढे मोठे जहाज आवाज न करता धक्क्यापासून सुटत होते. माझ्याशेजारी डोंबिवलीहून आलेल्या एक आजी होत्या. त्यांनी नातवाला विचारले, "निघालो का रे आपण?" जहाज आणि धक्का यांच्यामध्ये तोवर वीसेक फूट पाणी आले होते.

जहाजाचा कप्तान कितीही अनुभवी असला तरी बंदरातून बाहेर पडताना शेजारी बंदराचा पायलट लागतो. पाण्याखाली गाळ कुठे चढलाय, वारा कुठल्या कोपऱ्यात आडवा येतो, कासिमेडूच्या मच्छीमार नावा कुठल्या वेळी वाट कापतात, हे त्यालाच माहीत. बाहेर मोकळ्या समुद्रात पोचल्यावर तो जहाजाच्या अंगावरून दोराच्या शिडीने उतरतो आणि खाली उड्या मारणाऱ्या लाँचमध्ये पाऊल टाकतो. लाँच लाटेवर वर येईल त्या क्षणीच हे पाऊल टाकावे लागते. डेकवर असाल तर हे चुकवू नका.

मुंबईच्या जुन्या गोद्या पाहिलेल्यांना इथे आणखी एक फरक जाणवेल. मुंबईत भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार-पाच मीटरने बदलते, म्हणून इंदिरा गोदीला झडपांचे दरवाजे लावून पाणी आत कोंडून ठेवावे लागते. चेन्नईत हा फरक जेमतेम मीटरभर. इथे दरवाजे लागत नाहीत. इथे लागते ती भिंत.

किल्ला, पोस्ट आणि कोर्टावरचा दिवा

जहाज वळू लागले की शहर उघडते. ऑगस्टच्या संध्याकाळी सूर्य शहराच्या मागे जातो, त्यामुळे इमारतींचे तपशील कमी आणि आकृती जास्त दिसतात. पहिली नजर जाते ती उच्च न्यायालयाच्या घुमटांकडे. लाल विटांच्या त्या इमारतीचा सगळ्यांत उंच मनोरा म्हणजे एक दीपगृह होते. १८९४ ते १९७७ पर्यंत मद्रासकडे येणारी जहाजे या न्यायमंदिरावरच्या दिव्याकडे बघत दिशा धरत. त्याच्याही आधीचा दिवा, १८४४ चा, त्याच आवारातल्या दगडी खांबावर होता. आणि सर्वांत पहिला, १७९६ चा, सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या आज संग्रहालय असलेल्या इमारतीच्या छतावर. चौथा मरीनावर, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, तो आता लागतो आहे. एका शहराची चारही दीपगृहे डेकवरून एका नजरेत शोधता येतात, असे दृश्य मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

घुमटांच्या उजवीकडे जनरल पोस्ट ऑफिसचे उतरते छप्पर दिसते. स्थापत्यकार रॉबर्ट चिझम, साल १८८४. पुढे स्टेट बँकेची इमारत. डावीकडे किल्ल्याची निशाणकाठी, तिच्या पायाशी राज्याचे सचिवालय आणि विधानसभा. बंदराच्या दक्षिण भागात तटरक्षक दलाची पांढरीशुभ्र जहाजे, अंगावर तिरका पट्टा. त्यांच्या मागे कूवमचे मुख आणि नेपियर पूल.

बंदराच्या कचेरीकडे पाहताना एक माणूस आठवला पाहिजे. १ मार्च १९१२ रोजी महिना तीस रुपये पगारावर इथे हिशेब खात्यात एक कारकून लागला, त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन. पुढच्या जानेवारीत गणितज्ञ हार्डींना त्यांनी ते प्रसिद्ध पत्र लिहिले, ते इथे नोकरीत असतानाच. बंदराचे तेव्हाचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी या कारकुनाच्या पाठीशी उभे राहून त्याच्यासाठी खटपट केली. स्प्रिंग यांचे नाव लक्षात ठेवा. आता ते भिंतीपाशी पुन्हा भेटणार आहेत.

भिंत आणि वाळू

भिंतीआधीचे मद्रास कसे होते? जहाज किनाऱ्यापासून मैल-दीड मैलावर थांबे. मग मसुला नावा येत. या नावांना खिळा नसे. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. लाट आदळली की खिळ्यांची नाव फुटते, शिवलेली वाकते आणि निभावते. गव्हर्नर असो की गोणपाट, सगळे याच नावेतून भिजत किनाऱ्याला लागत. पत्रे घेऊन जाणारे कट्टुमरमवाले, म्हणजे ओंडक्यांच्या तराफ्यांवरचे खलाशी, लाटेत पडत आणि पुन्हा चढत. वादळाच्या दिवसांत तर जहाजांनी इथे थांबायचेच नसे. १७४६ च्या सप्टेंबरात फ्रेंचांनी मद्रास जिंकले आणि ऑक्टोबरातल्या एका रात्रीच्या वादळाने त्यांचा सेनानी ला बूर्दोने याचे आरमार याच उघड्या पाण्यात मोडून पडले. इंग्रजांच्या तोफांना जमले नाही ते वाऱ्याने केले.

अखेर १८७५ च्या डिसेंबरात प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बंदराचा पाया घातला गेला. विल्यम पार्क्स यांचा आराखडा सोपा होता: समुद्रात दोन भुजा काढायच्या, त्यांनी पाणी कवेत घ्यायचे आणि पूर्वेला तोंड ठेवायचे. काम पुरे होत आले असताना नोव्हेंबर १८८१ च्या चक्रीवादळाने काँक्रीटचे प्रचंड ठोकळे उलथून टाकले. पुन्हा बांधायला त्या शतकाची अखेर आली.

पण वाऱ्यापेक्षा चिवट अडचण वाळूची होती. या किनाऱ्यावर वर्षातला बराच काळ लाटा आग्नेयेकडून तिरक्या येतात. प्रत्येक लाट वाळू थोडी वर आणते आणि थोडी उत्तरेला सरकवून परत नेते. ईशान्य वाऱ्याच्या दिवसांत वाळू उलटी, दक्षिणेला जाते, पण कमी. हिशेब केला तर वर्षाकाठी प्रचंड वाळू उत्तरेकडे चालते. भिंत घातली आणि ही वाट अडली. शेताच्या बांधाला वरच्या अंगाने माती धरते आणि खालचे शेत उघडे पडते, तसेच झाले. दक्षिणेला वाळू साचत गेली, साचून भिंतीच्या टोकाला वळसा घालून बंदराच्या पूर्वेच्या तोंडातच शिरू लागली. १९०४ साली अध्यक्ष झालेल्या स्प्रिंग यांनी मग ते तोंडच बुजवले आणि ईशान्येला नवे उघडले. आजही जहाज उत्तरेच्या अंगाने बाहेर पडते, त्याचे मूळ या निर्णयात आहे.

जहाज भिंतीला लागून जाते तेव्हा तिच्यावर आपटणारे पाणी वरून दिसते. बाहेर फेस आणि उसळी, आत तेलकट, थंड पडलेला पाण्याचा पसारा. दोहोंमध्ये काही मीटर रुंदीचे दगड. या रेषेने शहराचा नकाशा ठरवला.

दक्षिणेला साचलेल्या वाळूचे नाव मरीना. जगातल्या लांबलचक शहरी किनाऱ्यांत ज्याची गणना होते, जिथे अण्णादुरै आणि एमजीआर यांच्या समाध्या आहेत, जिथे दर संध्याकाळी अर्धे शहर सुंडल खायला येते, तो सरासरी तीनशे मीटर रुंदीचा वाळूचा पट्टा बंदराच्या भिंतीआधी असा नव्हता. वाळू वाढत गेली आणि १८८४ साली तेव्हाच्या गव्हर्नराने तिथे फिरायचा रस्ता काढून सिसिलीच्या आठवणीने त्याला 'मरीना' नाव दिले. त्या गव्हर्नराचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. मराठी वाचकाला हे नाव अनोळखी वाटू नये. साताऱ्याच्या छत्रपतींच्या दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी असलेला आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत छापणारा कॅप्टन जेम्स ग्रँट डफ हा त्याचा बाप. आपल्या मुंबईच्या वरिष्ठाचे नाव त्याने मुलाला ठेवले. साताऱ्यात बखरी गोळा करणाऱ्याच्या मुलाने मद्रासला तिचा किनारा नावासकट दिला.

भिंतीच्या उत्तरेला

जहाज बाहेर पडताना डाव्या अंगाला, पश्चिमेला, कासिमेडूचे मच्छीमार बंदर दिसते. शेकडो ट्रॉलर दाटीवाटीने उभे, निळे, हिरवे, डोलकाठ्यांचे रान. रेलिंगवरचे मोबाइल तिकडे वळले नाहीत, कारण उजवीकडे मोकळा समुद्र आणि वर ढगांत लाली होती. मला मात्र तिकडे जायचेच होते आणि सफरीनंतर मी गेलो.

कासिमेडूची पहाट म्हणजे लिलावाची वेळ. वंजरम, म्हणजे आपली सुरमई, आणि वव्वाल, म्हणजे पापलेट, यांचे ढीग, बर्फाचा चुरा, बायकांच्या पाट्या, ओली जमीन. १५ एप्रिल ते १४ जून या ६१ दिवसांत पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, तेवढा काळ सोडला तर इथे शांतता नाही. बाजारापासून थोडे उत्तरेला चालत गेले की किनारा येतो, पण वाळू जवळजवळ नाही. काळ्या दगडांचे ढीग आणि समुद्रात ठरावीक अंतरावर घुसलेले दगडी बांध. जी वाळू मरीनाला मिळाली ती इथे यायची होती. ती आली नाही, आणि समुद्र आत येत राहिला. भिंतीनंतरच्या शतकात रॉयपुरम ते एन्नोर या पट्ट्यातली जमीन, रस्ते, देवळे आणि मच्छीमारांच्या वस्त्या लाटांनी ओढून नेल्या. आजचे दगड ही त्यावरची मलमपट्टी आहे, आणि प्रत्येक बांध आपल्या उत्तरेच्या शेजाऱ्याला तोच आजार देतो.

दगडांवर जाळे दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराला मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये विचारले, "अय्या, तुमच्या लहानपणी पाणी कुठे होते?" त्यांनी सुई जाळ्यात खोवून ठेवली आणि समुद्रात लांबवर, फुटणाऱ्या लाटेच्याही पलीकडे बोट केले. घर तिथे होते, असे त्यांनी सांगितले. पुढे ते काही बोलले नाहीत.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हाच उघडा पट्टा सोसून गेला. २०१७ च्या जानेवारीत एन्नोरजवळ दोन जहाजांची टक्कर झाली तेव्हा सांडलेले तेल याच दगडांत अडकले आणि ते बादल्यांनी उपसले गेले. भिंतीच्या आतल्या शांत पाण्याची किंमत भिंतीबाहेर कोणीतरी देत असते. मुंबईतही ससून डॉकच्या किंवा वरळीच्या कोळीवाड्यात उभे राहिले की हे कळते. पण चेन्नईत ती किंमत इतक्या सरळ रेषेत दिसते की नाकारायला जागा उरत नाही.

पेरुंगुडीचे दिवे

बाहेर आल्यावर जहाज दक्षिणेकडे वळते आणि शहर उजव्या हाताला सरकू लागते. सेनेट हाउस, प्रेसिडेन्सी कॉलेज, विवेकानंद राहिले होते ते 'आइस हाउस'. अमेरिकेहून जहाजाने आलेला बर्फ साठवायला बांधलेली ही गोल इमारत. तो बर्फही मसुला नावांतूनच लाटा ओलांडून आला असणार. मग मरीनाचे दीपगृह, सान्तोमच्या चर्चचा पांढरा मनोरा, अड्यारचे मुख, थिऑसॉफिकल सोसायटीची झाडी, बेसंतनगरचे अष्टलक्ष्मी मंदिर. तोवर अंधारते. खाली रंगमंचावर कार्यक्रम सुरू होतो आणि डेक रिकामा होतो.

त्यानंतर दिसतात ते ओल्ड महाबलिपुरम रोडचे उंच बुरूज. पेरुंगुडीचे वर्ल्ड ट्रेड सेंटर, तिथल्या कंपन्यांचे रात्रपाळीचे दिवे. घरांना समुद्र दिसत नाही, पण समुद्रावरून त्या वस्तीचा उजेड दिसतो. आणि या वस्तीचे पाणीही शेवटी समुद्राकडेच जाते. पल्लिकरणैची पाणथळ ओक्कियम मडुवूतून बकिंगहॅम कालव्यात रिकामी होते आणि कालवा दक्षिणेला मुट्टुकाडू-कोवलमच्या मुखाशी समुद्राला मिळतो. तिथेही वाळूचा दांडा बसतो. कूवमच्या मुखाशी बसतो तो बंदराच्या भिंतीमुळे आणखी पक्का झालेला. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसाआधी हे दांडे उकरले नाहीत तर शहराचे पाणी तुंबते. डिसेंबर २०२३ मध्ये 'मिचाँग' वादळात पेरुंगुडी-वेळच्चेरीच्या वस्त्या दिवसचे दिवस पाण्यात होत्या. तेव्हा आमच्याकडे सगळे पावसाला आणि नाल्यांना बोल लावत होते. पाणथळीवर झालेली बांधकामे हे मोठे कारण आहेच. पण किनाऱ्यावर वाळू कशी चालते आणि कुठे अडते, हेही शहराने समजून घ्यायला हवे. ते समजण्याची सगळ्यांत चांगली जागा जहाजाचा डेक आहे.

परतीची सकाळ

म्हणून माझे दोन शब्द बंदराच्या आणि जहाजाच्या कारभाऱ्यांना. जहाज धक्का सोडते तेव्हापासून वळून दक्षिणेला लागेपर्यंत माणसे डेकवरच असतात. तेवढ्या वेळात ध्वनिक्षेपकावरून तमिळ, इंग्रजी आणि हिंदीत शहराची आणि भिंतीची गोष्ट सांगता येईल. त्यात मरीना जितकी यावी तितके रॉयपुरमही यावे. आणि बंदर प्राधिकरणाने आठवड्यातून एखादी छोटी लाँच सामान्य नागरिकांसाठी सोडावी, भिंतीच्या आतून एक फेरी. सुरक्षेची अडचण खरी आहे, पण मुंबईत नौदलाच्या गोदीशेजारून रोज लाँच जातात. शाळेतल्या मुलांना आपले बंदर बघायला जहाजाचे महागडे तिकीट काढावे लागू नये.

ज्यांना जायचे आहे त्यांनी जून ते सप्टेंबरमधली सफर बघावी. जाताना संध्याकाळी सूर्य शहरामागे असतो, तेव्हा आकाशरेषा चांगली दिसते. पण शहर नीट बघायचे असेल तर परतीच्या दिवशी पहाटे उठा आणि डाव्या अंगाच्या रेलिंगला उभे राहा. जहाज दक्षिणेकडून येत असते, सूर्य समुद्रातून वर येतो आणि किनाऱ्यावर सरळ पडतो. कोर्टाचे लाल घुमट, सान्तोमचा मनोरा, मरीनाची रुंदी सगळे स्वच्छ दिसते. दुर्बीण असेल तर न्या. जहाज आत शिरण्याआधी मात्र तिथून हलू नका, कारण भिंतीचे दक्षिणेचे आणि उत्तरेचे पाणी एकामागोमाग दिसते ते तेव्हाच. आणि उतरल्यावर दिवस मोकळा असेल तर कासिमेडूला जा. बीच स्टेशनहून रिक्षाने पंधरा मिनिटे लागतात.